वैमानिकाचे अवधान

श्रोतेहो, नजर ढळली की घात होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गाडीवान चाकाच्या कुरकुरीकडेच पाहत राहिला, तर बैल रस्ता सोडतात. विमानाचेही तसेच आहे. पण तिथे पाठीमागे शेदोनशे जीव बसलेले असतात.

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेतील ईस्टर्न कंपनीचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला आले. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याची खूण देणारा हिरवा दिवा काही लागेना. विमान २००० फुटांवर नेऊन स्वयंचलित यंत्रणेच्या स्वाधीन केले, आणि सारे त्या दिव्याच्या मागे लागले. एकजण तर चाक पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. एवढ्यात उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली. विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याचा नाद झाला, पण कोणाच्या ध्यानात आला नाही. काळोखात विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळले. १७६ पैकी सुमारे शंभर माणसे दगावली. आणि चौकशीत निघाले काय? चाक ठीक होते. दिव्याचे बल्ब तेवढे जळाले होते!

ही माणसे नवशिकी होती काय? मुळीच नाही. कप्तानाच्या गाठीशी सुमारे तीस हजार तासांचे उड्डाण होते. मग उणीव कशाची? सगळेच दिवा पाहत होते. विमान कोणीच पाहत नव्हते.

पुढे १९७८ साली पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे विमान चाकाच्याच काळजीत सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपून पडले. दहाजण गेले. इंधन कमी असल्याचे सहकाऱ्याने सुचवले होते, पण कप्तानाच्या मनात ते ठसले नाही.

तेव्हा कुठे डोळे उघडले. १९७९ साली नासा संस्थेने याच विषयावर परिषद भरवली आणि १९८१ साली युनायटेडने नव्या धर्तीचे शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेत नियम झाला, की दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी कामाखेरीज दुसरे बोलू नये.

या शिक्षणाचे सूत्र साधे आहे. आधी विमान सांभाळा, मग वाट पाहा, मग बोला. बिघाड झाला तर एकाने तो पाहावा, दुसऱ्याने विमानावरची नजर काढू नये. धाकट्याने स्पष्ट बोलावे, थोरल्याने ऐकावे. जमिनीवरच्या नकली विमानात मुद्दाम अडचणी आणून याचा सराव करून घेतात.

शिक्षकबंधूंनो, यातले मर्म आपल्याही उपयोगाचे आहे. नुसते ‘लक्ष द्या’ म्हणून भागत नाही. कोणी कशाकडे लक्ष द्यायचे, हे आधी वाटून द्यावे लागते.