बर्फाच्या हिशेबाने वसलेला किनारा

कॅनडाच्या आँटेरिओ प्रांतात, टोरोंटोच्या उत्तरेस दीडशे-दोनशे किलोमीटरवर, मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही एकमेकांना जोडलेली तीन सरोवरे आहेत, आणि त्यांच्या काठावरची घरे आज त्या देशातल्या सर्वांत महागड्या सुट्टीच्या घरांमध्ये गणली जातात. हीच जमीन दीडशे वर्षांपूर्वी सरकार फुकट वाटत होते आणि ती घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी काही वर्षांत ती टाकून दिली, हे लक्षात घेतल्याशिवाय या किनाऱ्याचा इतिहास उलगडत नाही.

१८६८ साली आँटेरिओच्या विधिमंडळाने जो जमीनवाटप कायदा केला त्यानुसार अठरा वर्षांवरील कोणाही वसाहतकर्त्याला १०० एकर आणि कुटुंबप्रमुखाला २०० एकर जमीन विनामूल्य मिळे. मात्र पाच वर्षांत १५ एकर जंगल तोडून ते लागवडीखाली आणणे आणि किमान १६ बाय २० फुटांचे राहते घर उभारणे या अटी पाळल्या, तरच मालकीचा कागद हाती येई. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दक्षिण आँटेरिओची काळीभोर शेते होती, तर मस्कोकात 'कॅनेडियन शील्ड' नावाने ओळखला जाणारा, हिमनद्यांनी खरवडून काढलेला अतिप्राचीन खडक जमिनीच्या वितभर खाली आणि पुष्कळ ठिकाणी उघडाच पडलेला होता. झाडे तोडल्यावर जी माती हाती लागे ती उथळ आणि आम्लधर्मी असे, नांगर दगडाला अडे, आणि पिकाला मिळणारा बिनदहिवराचा काळ अपुरा पडे. त्यामुळे पश्चिमेकडची मॅनिटोबाची सपाट मैदाने खुली होताच अनेक कुटुंबे तिकडे निघून गेली.

हा प्रदेश तोवर निर्मनुष्य होता, असे मात्र जुन्या जाहिराती वाचून कोणी समजू नये. आजच्या पोर्ट कार्लिंग गावाच्या जागी ओजिब्वे लोकांची वस्ती होती, तिथे त्यांची ओंडक्यांची घरे होती आणि ते बटाटे व मका पिकवत. १८६० च्या दशकात ते जॉर्जियन उपसागरातल्या पॅरी बेटावर गेले आणि त्यांच्या जागेवर नव्या गावाची आखणी झाली.

शेतीने जे साधले नाही ते पाण्याने साधले. अलेक्झांडर पीटर कोबर्न या व्यापाऱ्याने १८६६ साली ग्रेव्हनहर्स्ट येथे 'वेनोना' ही आगबोट पाण्यात सोडली, आणि पुढे १८७१ मध्ये पोर्ट कार्लिंगला जलपाश तयार झाला. दोन जलाशयांच्या पातळीतला फरक दरवाजांच्या बंदिस्त हौदात पाणी भरून किंवा सोडून ओलांडण्याची जी सोय असते तिला जलपाश म्हणतात. तिच्यामुळे मस्कोका सरोवरातली बोट थेट रोसो सरोवरात जाऊ लागली. १८७५ मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टला पोहोचली, तेव्हा टोरोंटोहून सकाळी निघालेला प्रवासी गाडीतून उतरून आगबोटीत बसू शकत होता. त्यापूर्वीच, १८७० साली, न्यूयॉर्कहून आलेल्या विल्यम प्रॅट याने रोसो सरोवराच्या उत्तर टोकाला मोठे हॉटेल काढले होते, आणि त्याही आधी, १८६० मध्ये, जेम्स बेन आणि जॉन कॅम्बेल हे टोरोंटोचे दोन तरुण केवळ हौसेखातर इथे फिरायला आले होते. या प्रदेशाचे पहिले पर्यटक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते; त्यांच्या मंडळींनी पुढे योहो नावाचे एक बेटच विकत घेतले.

इथून जमिनीच्या मोलाचे गणित उलटे झाले. शेतकऱ्याच्या लेखी सर्वांत वाईट जागा म्हणजे पाण्यात घुसलेले खडकाळ टोक, कारण तिथे ना माती ना कुरण; शहरी गिऱ्हाइकाला मात्र वारा, उतरता सूर्य आणि बोट लावायला खोल पाणी यांसाठी नेमके तेच टोक हवे होते. पिट्सबर्गच्या श्रीमंत कुटुंबांनी ब्यूमॅरिसच्या परिसरात एकापाठोपाठ एक घरे बांधली. रस्ते जवळजवळ नव्हतेच, सामान, टपाल आणि पाहुणे सगळे पाण्यावरून येत, म्हणून घराची दर्शनी बाजू सरोवराकडे आणि पाठ जंगलाकडे ठेवण्याची पद्धत पडली. 'कॉटेज' हा शब्द तेव्हाही या प्रशस्त लाकडी वाड्यांना फारसा शोभत नव्हता, पण तो टिकला. विक्रीच्या वेळी घराच्या खोल्यांइतकीच, किंबहुना अधिक, चौकशी होते ती मालमत्तेला पाण्यालगत किती फूट किनारा लाभला आहे याची.

या किनाऱ्याच्या मालकीत एक जुनी मेख आहे. सरकारी मोजणीदारांनी सर्वेक्षण करताना सरोवरांच्या काठाने ६६ फुटांची, म्हणजे मोजणीच्या साखळीच्या एका लांबीची, पट्टी भावी रस्त्यासाठी राखून ठेवली. खडकाळ, वळणावळणाच्या काठावर असा रस्ता बहुतेक ठिकाणी झालाच नाही; परंतु पट्टी सार्वजनिक राहिली आणि घरांचे व्हरांडे तिच्यावर उभे राहिले. आजही आँटेरिओत सरोवरकाठचे घर घेणाऱ्याचा वकील प्रथम हे पाहतो की, ती पट्टी आधीच्या मालकाने नगरपालिकेकडून रीतसर विकत घेतली होती की नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना शंभर एकर फुकट मिळाले त्यांच्या जमिनीच्या पुढ्यातला हा चिंचोळा तुकडा आता मोजून, किंमत ठरवून घ्यावा लागतो.

बोटीशिवाय जिथे घरी पोहोचता येत नव्हते, तिथे बोटीला स्वतःचे घर मिळाले यात नवल नाही. पाण्यावर बांधलेल्या, खाली बोटींचे गाळे आणि पुष्कळदा वर राहण्याच्या खोल्या असलेल्या या वास्तूला बोटहाऊस म्हणतात. तिचा पाया म्हणजे ओंडक्यांची चौकट रचून, ती दगडांनी भरून तळाशी बसवलेले जड खोके. एवढ्या वजनाची गरज बर्फामुळे पडते. सरोवर साधारणतः डिसेंबरात गोठते आणि एप्रिलच्या सुमारास मोकळे होते. कडक थंडीत बर्फाचा थर आकसून तडकतो, तडांत पाणी शिरून गोठते, आणि थोडी ऊब आली की वाढलेला थर किनाऱ्यावर रेटा देतो. पाण्याची पातळी चढली तर बर्फात पकडलेले खांब मुळासकट उचलले जातात. त्यातच बाला येथील बंधाऱ्यांतून वसंतातल्या वितळत्या पाण्याला जागा करण्यासाठी पातळी आधीच उतरवली जाते. अलीकडे बोटहाऊसभोवती तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. तळाचे चार अंशांच्या आसपासचे, तुलनेने उबदार पाणी त्यांच्याबरोबर वर येते आणि खांबांलगत बर्फ धरत नाही.

ग्रेव्हनहर्स्ट, ब्रेसब्रिज आणि पोर्ट कार्लिंग इथे लाकडी बोटी बांधणाऱ्या कारखानदारांची परंपरा निर्माण झाली. डिचबर्न, मिनेट, ग्रीव्हेट ही नावे जुन्या बोटींचे जाणकार आजही आदराने घेतात. महोगनीच्या फळ्यांची ही चकचकीत बोट हिवाळ्यासाठी शाकारणे हे कौशल्याचे काम होते, आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून झाकण्याशी त्याचे नाते असले तरी इथे शत्रू वारा-लाट नसून साठलेले पाणी होते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाच्या इंजिनाच्या पोकळ्यांत ते वाटीभर जरी उरले तरी ठोकळ्याला चीर जाते. म्हणून इंजिनाच्या तळाच्या छोट्या तोट्या उघडून, गाळाने त्या तुंबल्या असतील तर तारेने टोचून, शेवटचा थेंब काढावा लागे. मग स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून सिलिंडरांत तेल सोडायचे, म्हणजे आतले धातूचे भाग गंजत नाहीत. बुडाला चिकटलेली शेवाळी ओली असतानाच घासायची, कारण वाळल्यावर ती निघत नाही. बोट दोर आणि चाकांनी बोटहाऊसच्या आतच पाण्याच्या वर टांगली जाई किंवा रुळांवरून काठावर ओढली जाई, पण उबदार खोलीत ती कधीच ठेवत नसत, कारण फळ्या वेगाने वाळून सांधे उघडे पडत. वसंतात तिला काही दिवस पट्ट्यांच्या आधाराने पाण्यात लटकत ठेवत. त्या काळात ती गळे, आणि फळ्या पुन्हा फुगल्यावरच सांधे बंद होत.

ही कामे घरमालक क्वचितच करीत. ऑक्टोबरमधल्या कॅनडाच्या कृतज्ञता सणापर्यंत नळ रिकामे करून, खिडक्या लावून ते शहरात परतत, आणि मागे राहत ती जमीन न सोडलेली स्थानिक कुटुंबे. हिवाळाभर ती घरांवर लक्ष ठेवत, छतावरचे बर्फ उतरवत, सरोवरातून बर्फाच्या लाद्या करवतीने कापून त्या पुढच्या उन्हाळ्यासाठी लाकडाच्या भुशात रचत; भुसा इथल्या लाकूड-गिरण्यांत मुबलक होता. ज्या खडकाने त्यांच्या आजोबांना पीक दिले नाही त्यावरच दुसऱ्यांच्या सुट्टीची राखण करून त्यांची गुजराण होई, आणि मस्कोकाच्या इतिहासात बोटमालकांच्या नावांपुढे ही माणसे फारच थोडी जागा अडवतात.

१९५० नंतर फायबरग्लासच्या बोटी आल्या, रस्ते पक्के झाले, आणि फळ्या फुगण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हिवाळी देखभाल आता बव्हंशी मरीना, म्हणजे बोटी ठेवण्या-दुरुस्त करण्याची व्यावसायिक आवारे, शुल्क घेऊन करतात. बोट प्लास्टिकच्या आवळत्या आवरणात गुंडाळली जाते आणि इंजिनात गुलाबी गोठणरोधक द्रव फिरवला जातो. बाहेरच्या मोटारीच्या खालच्या पेटीतले तेल मात्र आजही आधी वाटीत काढून तपासतात: ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे हे कळते, आणि सील बदलून नवे तेल भरल्याखेरीज ती मोटार हिवाळ्यात ठेवत नाहीत.