एका नावाचा प्रवास : ‘हस्तर’, ‘तुंबाड’ आणि कल्ट चित्रपटाची मुखपरंपरा

१

‘भयपट’, ‘अद्भुतपट’, ‘विज्ञानपट’ ही नावे चित्रपटाच्या आशयावरून पडतात. ‘कल्ट चित्रपट’ हे नाव मात्र प्रेक्षकांच्या वर्तनावरून पडते. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन चित्रगृहात अलेहांद्रो होदोरोव्स्की यांचा ‘एल टोपो’ मध्यरात्रीच्या खेळांत दाखवला जाऊ लागला. १९७५ साली प्रदर्शित होऊन अपयशी ठरलेल्या ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ला १९७६ पासून त्याच शहरातील मध्यरात्रीच्या खेळांनी नवे आयुष्य दिले. दोन्ही ठिकाणी जाहिरातीपेक्षा एका प्रेक्षकाने दुसऱ्याला केलेली शिफारस अधिक परिणामकारक ठरली. मराठीत ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ हे प्रतिशब्द सुचवता येतात, आणि संप्रदायात मुखपरंपरेला असलेले स्थान पाहता त्यांतील दुसरा अधिक अर्थवाही वाटतो.

उंबेर्तो एको यांनी ‘कासाब्लांका’वरील आपल्या प्रसिद्ध निबंधात कल्ट कृतीचे एक लक्षण सांगितले आहे. अशा कृतीचे तुकडे मूळ संहितेपासून सुटे करता आले पाहिजेत आणि प्रेक्षकाला ते स्वतंत्रपणे बाळगता, उद्धृत करता आले पाहिजेत. हे लक्षण एकाच कृतीच्या आस्वादापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. सुटा झालेला तुकडा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाऊ शकतो. २०१८ सालचा हिंदी चित्रपट ‘तुंबाड’ हे अशा प्रवासाचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील ‘हस्तर’ या एका नावाचा माग काढला असता तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कथेपर्यंत पोहोचतो, आणि वाटेत मराठी वाङ्मयेतिहासाने फारशी दखल न घेतलेल्या एका लेखकाशी थांबतो.

२

अँब्रोज बिअर्स यांच्या ‘हायटा द शेफर्ड’ (१८९१) या रूपककथेत ‘हास्तुर’ हे नाव येते. तेथे हास्तुर हा मेंढपाळांचा देव आहे; तो सौम्य आहे, भयकारक नाही. रॉबर्ट चेंबर्स यांनी ‘द किंग इन यलो’ (१८९५) या कथासंग्रहासाठी बिअर्स यांच्याकडून हे नाव उचलले, परंतु त्याचा अर्थ अनिश्चित ठेवला. एका कथेत ते एका सेवकाचे नाव आहे, तर अन्यत्र एखाद्या दूरस्थ, अशुभ स्थळासारखे उच्चारले जाते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ (१९३१) या कथेत हे नाव अगम्य नावांच्या यादीत केवळ ओझरते येते. त्यांचे अनुयायी ऑगस्ट डर्लेथ यांनी ‘द रिटर्न ऑफ हास्तुर’ (१९३९) या कथेत त्याला विश्वव्यापी दुष्ट शक्तीचे निश्चित रूप दिले. म्हणजे सुमारे पन्नास वर्षांत मेंढपाळांचा कृपाळू देव मानवाचा शत्रू झाला.

या स्थित्यंतराची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. लव्हक्राफ्ट आणि त्यांच्या मित्रलेखकांच्या वर्तुळात देवतांची व ग्रंथांची कल्पित नावे परस्परांकडून घेणे हा सौजन्याचा आणि खेळाचा भाग होता. नाव घेणे म्हणजे आधीच्या लेखकाला केलेला नमस्कारच होता, आणि वाचकालाही त्या लेखकाकडे वळण्याची ती सूचना असे. स्वस्त मासिकांतून प्रसिद्ध होणारे हे साहित्य प्रतिष्ठित समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले; तरीही अशा परस्पर-उल्लेखांमुळे ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले.

३

त्या वाचकांच्या पुढच्या पिढीतील स्टीफन किंग यांची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८५ च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात समाविष्ट झाली. थोरल्या भावाला अपघात होतो, आई इस्पितळात जाते आणि अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या अक्राळविक्राळ आजीसोबत घरात एकटा उरतो. मृत झालेली आजी उठते, तेव्हा तिला हास्तुरच्या नावाने झोपायला सांग, असा सल्ला त्याला दूरध्वनीवरून मिळतो. येथे नावाला एक नवे कार्य लाभले आहे : ते उच्चारले की आजी आवरते.

नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘आजी’ ही मराठी कथा किंग यांच्या या कथेवर आधारलेली आहे. धारप यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. ‘समर्थ’ या नायकाच्या कथांनी त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्यांच्या मागेही अनुक्रमे किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) आणि ‘इट’ (१९८६) या कादंबऱ्या उभ्या आहेत. मात्र धारप यांचे काम केवळ भाषांतराचे नव्हते. त्यांनी इंग्रजी भयकथेला मराठी घराचा उंबरठा, नात्यांची रचना आणि बोलण्याची लय दिली. ‘ग्रॅमा’ ही आजी होते, तेव्हा केवळ शब्द बदलत नाही. मराठी कुटुंबात आजी ही गोष्ट सांगणारी असते. तीच भयाचे कारण झाली की बालपणाचा सर्वांत सुरक्षित कोपरा असुरक्षित होतो.

१९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारप यांची एक कथा ऐकवली. बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र, म्हणजे मराठी साहित्याशी त्यांचा संबंध घरातूनच आलेला. तरीही ही कथा त्यांच्यापर्यंत पोहोचली ती ग्रंथातून नव्हे, रात्रीच्या जंगलातील कथनातून. १९९७ मध्ये त्यांनी चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. चित्रीकरण २०१२ मध्ये झाले. ते समाधानकारक न वाटल्याने पटकथेत बदल करून पुन्हा चित्रीकरण करण्यात आले आणि ते २०१५ मध्ये संपले. ऐकलेली कथा आणि पडद्यावरील कथा यांच्यात पंचवीस वर्षांचे अंतर पडले.

४

‘तुंबाड’च्या पहिल्या भागात, १९१८ साली, किंग यांच्या कथेचा सांगाडा स्पष्ट दिसतो. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते आणि लहान विनायक साखळदंडांनी बांधलेल्या म्हातारीसोबत एकटा उरतो. ‘हास्तुर’ येथे ‘हस्तर’ झाला आहे आणि त्या नावाच्या उच्चाराने म्हातारी झोपी जाते. बिअर्सपासून किंगपर्यंत नावाचे अर्थ बदलले, पण किंग यांनी त्याला दिलेले कार्य तीन माध्यमे आणि तीन भाषा ओलांडून टिकून राहिले. एको ज्याला सुटा होणारा तुकडा म्हणतात, त्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

जे बदलले तेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘ग्रॅमा’मध्ये वारसा शरीरातून जातो : आजीची काळी शक्ती नातवाच्या देहात शिरते. ‘तुंबाड’मध्ये वारसा मालमत्तेतून जातो. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा थोरला, लोभी पुत्र आहे. सोने त्याला मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून त्याची भूक सोन्याने भागत नाही. विनायक कणकेच्या बाहुल्या घेऊन देवीच्या गर्भात उतरतो, त्याच्या भुकेचा फायदा घेऊन त्याच्या कमरेचे सोने लुटतो आणि पुढे हीच विद्या मुलाला शिकवतो. १९१८, १९३३ आणि १९४७ हे तीन टप्पे वाड्याच्या सत्तेचा, वसाहतकालीन बाजारपेठेचा आणि नव्या राज्यसत्तेच्या आगमनाचा काळ दर्शवतात. मुलाने अखेरीस सोने नाकारणे ही १९४७ च्या टप्प्यावर घडणारी घटना आहे, हा योगायोग मानता येत नाही.

या परिवर्तनामागे दुसरी मराठी संहिता आहे. चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीवरून सुचलेले आहे. जगबुडी नदीच्या काठावरील गावातील खोत घराण्याची अनेक पिढ्यांची ही कहाणी. चित्रपटाने तिचे कथानक घेतले नाही, फक्त गावाचे नाव घेतले. परंतु मराठी वाचकाच्या मनात त्या नावासोबत खोतीचा अधिकार, घराण्याचा दिमाख आणि त्याची पडझड हे सारे येतेच. धारप यांच्याकडून भय आणि पेंडसे यांच्या शीर्षकातून घराण्याचा काळ, असा संयोग येथे झाला आहे. ग्रंथालयांच्या कपाटांत आणि समीक्षेच्या पानांत हे दोन लेखक सहसा एकत्र येत नाहीत.

५

अशा प्रवासाची अन्य उदाहरणे तौलनिक अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’चे (१८९७) विनापरवाना रूपांतर होता. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासूचा नाश होतो, ही कल्पना या चित्रपटाची. स्टोकर यांच्या कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही वावरतो. कायद्याने पुसू पाहिलेल्या रूपांतराची भर पुढे मूळ मिथकाचाच भाग होऊन बसली.

मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ (१९६४) याहून वेगळी दिशा दाखवतो. लाफ्काडियो हर्न यांना जपानी भयकथा प्रामुख्याने त्यांच्या पत्नी सेत्सु सांगत असत. हर्न यांनी त्या इंग्रजीत लिहिल्या. ‘क्वाइदान’ हा संग्रह १९०४ मध्ये निघाला. साठ वर्षांनी हर्न यांच्या विविध पुस्तकांतील चार कथा जपानी पडद्यावर परतल्या आणि १९६५ मध्ये कान महोत्सवात विशेष पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. घरातील स्त्रीचे कथन, परभाषेतील ग्रंथ आणि स्वभाषेतील चित्रपट असा हा क्रम आहे. ‘तुंबाड’चा क्रम परभाषेतील ग्रंथ, स्वभाषेतील रूपांतर, मित्राचे कथन आणि हिंदी चित्रपट असा आहे. दोन्हींत मौखिक दुवा निर्णायक आहे, आणि दोन्हींत कथनकर्त्याचे नाव लेखकाच्या वा दिग्दर्शकाच्या नावामागे झाकले जाते.

६

‘तुंबाड’ ऑगस्ट २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात उद्घाटनाचा चित्रपट म्हणून दाखवला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी भारतात प्रदर्शित झाला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. चित्रगृहांतील प्रतिसाद मात्र माफक होता. नंतरच्या वर्षांत घरच्या पडद्यावर पाहणाऱ्यांनी तो इतरांना सुचवला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा या दुसऱ्या फेरीचे उत्पन्न पहिल्या प्रदर्शनाहून अधिक झाले. नागझिऱ्यात एका मित्राने दुसऱ्याला जे केले, तेच सहा वर्षे असंख्य प्रेक्षकांनी परस्परांना केले.

परंतु शिफारशीच्या परंपरेत एक विस्मरणही असते. ती कृती पुढे नेते, तिची वंशावळ नेतेच असे नाही. ‘तुंबाड’ची वाखाणणी ‘अस्सल भारतीय मिथक’ म्हणून केली गेली की त्यातून बिअर्स, किंग आणि धारप हे तिघेही गळतात. उलट किंग यांचे नाव सापडताच चित्रपटाला उसनवारीचा शिक्का मारला, तर धारप यांनी आणि नंतर बर्वे यांनी केलेले अर्थांतर दृष्टिआड होते.

मराठी वाङ्मयेतिहासाला हा प्रश्न अपरिचित नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे आणि देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर, दोहोंची नोंद इतिहासाने आदराने घेतली, त्यांतील भारतीयीकरणाची चर्चाही केली. त्याच निकषावर धारप यांची ‘आजी’ तपासली जात नाही, याचे कारण रूपांतराच्या दर्जात शोधण्यापेक्षा मूळ कृतीच्या प्रतिष्ठेत शोधावे लागते. शेक्सपिअरचे रूपांतर हा संस्कार ठरतो, लोकप्रिय भयकथेचे रूपांतर ही उचलेगिरी ठरते. फिरत्या ग्रंथालयांतून हातोहात जाणाऱ्या पुस्तकांच्या वाचकांनी मात्र हा भेद मानला नाही, आणि त्यांच्यापैकीच एकाच्या तोंडून ती कथा पुढे गेली.

म्हणून कल्ट चित्रपटांच्या अभ्यासात केवळ चित्रपटांची यादी पुरेशी नाही. कोणी, कोणाला, कोणत्या भाषेत आणि कोणत्या निमित्ताने ही कृती सुचवली, याची नोंद हा त्या अभ्यासाचा मुख्य भाग व्हायला हवा. प्रभावाभ्यासाला ग्रंथाकडून ग्रंथाकडे जाणारी वाट दिसते. नागझिऱ्यातील ती रात्र त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. ‘हस्तर’ या नावाचा इतिहास पूर्ण करण्यासाठी अमेरिकेतील स्वस्त मासिके, धारप यांची दुर्लक्षित पुस्तके आणि ती वाचून इतरांना सांगणारे वाचक या तिन्हींना एकाच चौकटीत आणावे लागेल. ते करण्यासाठी धारप यांच्या कथांची मूळ कृतींशी ताडून केलेली सूची ही पहिली गरज आहे.