कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदा : मसुद्याचे दोन पाठ

घरांतील मारहाणीपासून स्त्रियांचें रक्षण करणारा सन २००५ चा ४३ वा कायदा आतां सर्वांस परिचित आहे. त्याच्या पूर्वपाठाकडे मात्र अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. हा पूर्वपाठ म्हणजे मार्च २००२ मध्यें लोकसभेंत मांडलेलें सरकारी विधेयक होय. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचले असतां लोकमताचा हात कोठें फिरला तें स्पष्ट दिसतें.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. सन १९७९ मध्यें हुंड्यापायीं जळून मेलेल्या सुनांसाठीं दिल्लीच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. स्टोव्हचा भडका झाला अशी नोंद करून पोलीस मोकळे होत. ती नोंद मान्य करण्याचें मृत मुलींच्या आयांनीं नाकारलें. सत्यराणी चढ्ढा या त्यांपैकींच एक. या चळवळीच्या रेट्यानें १९८३ सालीं भारतीय दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें (सांप्रत त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनीं घेतली आहे). या कलमानें नवऱ्यास तीन वर्षेंपर्यंत कैद होऊं शके. परंतु बायकोनें त्या रात्रीं निजावें कोठें, याचें उत्तर त्यांत नव्हतें. म्हणून दिवाणी स्वरूपाच्या संरक्षणाची मागणी पुढें आली, आणि इंदिरा जयसिंग यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या संस्थेनें स्त्रीसंघटनांशीं विचारविनिमय करून एक मसुदा सिद्ध केला.

सरकारचें विधेयक मात्र निराळेंच निघालें. 'सवयीनें' मारहाण करणें म्हणजे हिंसा, असें त्याच्या व्याख्येंत होतें. आणि पुरुषाची वर्तणूक स्वतःच्या किंवा कोणाच्या मालमत्तेच्या रक्षणार्थ वाजवी असल्यास ती हिंसा नव्हे, असा अपवादही होता. त्या एका क्रियाविशेषणाचा परिणाम असा कीं, पहिला तडाखा हिशेबांतच धरावयाचा नाहीं, आणि कितव्या तडाख्यापासून सवय जडली हें मार खाणारीनें सिद्ध करावयाचें! अपवाद वाचून मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील २९९ व ३०० या श्लोकांचें स्मरण होतें. तेथें अपराधी भार्येस दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें पाठीवर मारण्याची अनुज्ञा आहे, मस्तकावर मात्र नाहीं. मनूनें निदान अवयव तरी सांगितला. विधेयककर्त्यांस तितकीही गरज भासली नाहीं.

स्त्रीसंघटनांनीं नेमकें या दोन जागांवर बोट ठेवलें. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलें व तिनें डिसेंबर २००२ मध्यें आपला अहवाल दिला. पुढें २००४ सालीं लोकसभा विसर्जित झाल्यानें तें बारगळलें. ऑगस्ट २००५ मध्यें संमत झालेल्या नव्या पाठांत 'सवयीनें' हा शब्द नाहीं आणि तो अपवादही नाहीं. तिसऱ्या कलमांत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे छळाचे प्रकार सांगितले आहेत. सतराव्या कलमानें स्त्रीस 'सामाईक घरांत' राहण्याचा हक्क दिला, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. कायद्याच्या इंग्रजी संहितेंत 'स्त्रीधन' हा शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे, हेंही संस्कृतज्ञांनीं टिपून ठेवण्याजोगें आहे.

कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजीं अंमलांत आला. दोन महिने होण्यापूर्वींच, १५ डिसेंबर रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें सासूच्या मालकीचें घर हें सुनेचें 'सामाईक घर' नव्हे असा निर्णय दिला. सासूसासऱ्यांच्या घरीं नांदणाऱ्या सुनांच्या दृष्टीनें सतराव्या कलमाचा गाभाच यामुळें गेला. हा अर्थ १५ ऑक्टोबर २०२० रोजीं त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानें चुकीचा ठरविला. त्या वादांतील घर सासऱ्याच्या नांवावर होतें.