दहा मिनिटांच्या नाटकाचा मान

हिंगोलीतल्या रामलीला मैदानाला नाव मिळालं ते तिथे होणाऱ्या खेळावरून. खाकीबाबा मठाशी जोडलेला इथला दसरा महोत्सव दीडशेहून अधिक वर्षांचा आहे आणि त्याचा जीव रामलीलेत आहे. उत्तर भारतातली मंडळी हिंदीत खेळ करतात आणि मराठी मुलूख तो डोळे लावून बघतो. आज धनुष्यभंग, उद्या कैकेयीचा हट्ट, मग वनवास, अशी कथा एकेका रात्रीने पुढे सरकते आणि दसऱ्याला रावण जळतो. हिंगोली ही एकेकाळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं अजून त्या फौजेची आठवण ठेवून आहेत. निजामाच्या राज्यातल्या या गावात मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी एकाच बाजारात नांदत होत्या, त्यामुळे परक्या बोलीतलं नाटक कुणाला परकं वाटलं नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि ७८ भाग चाललं. रविवारी सकाळी देशभरचे रस्ते ओस पडत, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी बघायची आणि पुढच्या तुकड्यासाठी थांबायचं, हे हिंगोलीकरांना दूरदर्शनने शिकवलं नाही. मैदानात सतरंजी टाकून बसणाऱ्यांच्या अंगवळणी ते कित्येक पिढ्या आधीच पडलं होतं.

रामलीलेला बक्षीस नसतं, तिथे आरतीचं ताट फिरतं. नाटकाला घड्याळ लावून मापायचं आणि मग त्याला करंडक द्यायचा, ही रीत दुसरीकडून आली. मराठीत छोट्या नाट्यरूपाची ओढ जुनी आहे. ‘दिवाकर’ म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या आणि एकूण ५१ लिहिल्या. एकच पात्र बोलतं, पान-दीड पानात माणूस उघडा पडतो आणि खेळ संपतो. पुढे एकांकिका रुजली, पण तिला खरं बळ दिलं ते स्पर्धांनी. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला. भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांच्या आरोळ्यांत रंगणाऱ्या या खेळांतून मराठी रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शक मिळत गेले. या स्पर्धेचा कणा किती ताठ आहे, हे २०२२ मध्ये दिसलं. एकही एकांकिका दर्जाला उतरली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. खूप हळहळ झाली, वाद झाले. पण द्यायलाच हवा म्हणून दिलेल्या पुरस्काराला काय किंमत उरते? त्या परीक्षकांनी मराठी नाटकाचा मान राखला, असंच म्हणायला हवं.

हिंगोलीच्या मुलांपर्यंत ही रीत पोचली ती युवक महोत्सवाच्या वाटेने. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तोवर इथली महाविद्यालयं औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठाशी जोडलेली होती. हिंगोली जिल्हा तर त्यानंतरचा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ असे पाच तालुके त्याच्या वाट्याला आले. नांदेडच्या विद्यापीठाचा युवक महोत्सव ‘ज्ञानतीर्थ’ नावाने भरतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतले संघ त्यासाठी सोयाबीन-कापसाच्या हंगामातून वेळ काढतात, वर्गखोलीतली बाकं सरकवून तालमी करतात.

इथे नाटकाचं माप ठरलेलं आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमाप्रमाणे एकांकिकेला ३० मिनिटं, प्रहसनाला १०, मूकाभिनयाला ५. प्रहसनात सहाच कलाकार. घंटा वाजली की वाजली. १० मिनिटांत गाव उभं करायचं, माणसं ओळखीची करायची, हसवायचं आणि शेवटी कुठेतरी चिमटा काढायचा, हे फार अवघड काम आहे. नेपथ्य मांडायला वेळ नसतो, म्हणून खांद्यावरच्या उपरण्याचाच पदर होतो आणि दोन पोरं वाकली की बैलगाडी तयार. पहिल्या वाक्यात जागा, दुसऱ्यात भांडण आणि तिसऱ्यात पहिला हशा आला नाही तर प्रहसन हातचं गेलं. जिंकलेल्यांची वाट पुढे राज्यपातळीवरच्या ‘इंद्रधनुष्य’कडे, तसंच पश्चिम विभागाच्या आणि तिथून राष्ट्रीय महोत्सवाकडे जाते. ज्या मुलाने कधी तिकीट काढून नाटक पाहिलेलं नाही, तोही या वाटेने देशाच्या रंगमंचावर उभा राहू शकतो. मराठवाड्यात नाट्यगृहांची जी दैना आहे ती पाहता ही फार मोठी गोष्ट आहे.

या मातीतून वर गेलेल्यांची उदाहरणं आहेत. १९८०च्या दशकात औरंगाबादेत चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांची ‘जिगीषा’ ही संस्था घडली. पुढे ही मंडळी मुंबईला गेली आणि १९९१ मध्ये ‘चारचौघी’ या नाटकाने व्यावसायिक रंगभूमी हलवली. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडेंनी २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक दिलं आणि मराठवाडी बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी कान देऊन ऐकली.

रंगमंचावरच्या छोट्या नाटकाचा करंडक जुना, पडद्यावरच्या छोट्या नाट्यमालिकेला स्वतंत्र पुरस्कार मात्र जगातही उशिराच मिळाला. अमेरिकेच्या एमी पुरस्कारांत विनोदी किंवा गंभीर लघुमालिकेचा वेगळा विभाग २०१६ मध्ये आला. भाग सरासरी १५ मिनिटांच्या आतले आणि निदान सहा हवेत, अशी तेव्हाची अट होती. पहिला मान ‘चिल्ड्रन्स हॉस्पिटल’ या विनोदी मालिकेला मिळाला. २०१९ मध्ये जिंकलेली ‘स्टेट ऑफ द युनियन’ मराठी रंगकर्मींनी आवर्जून बघावी अशी आहे. निक हॉर्नबी यांचं लेखन, स्टीफन फ्रिअर्स यांचं दिग्दर्शन आणि साधारण दहा मिनिटांचे दहा भाग. मोडत आलेला संसार सांधण्यासाठी समुपदेशकाकडे जाणारं जोडपं दर आठवड्याला आधी समोरच्या पबमध्ये भेटतं आणि बोलतं, एवढंच त्यात घडतं. एक टेबल, दोन नट आणि संवाद. रोझमंड पाइक आणि क्रिस ओ’डाउड या दोघांनाही अभिनयाची एमी मिळाली. ही दहा भागांत वाटलेली एकांकिकाच आहे आणि तिचं व्याकरण कुठल्याही युवक महोत्सवातल्या संघाला चटकन कळेल.

आपल्याकडे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने, म्हणजे इफ्फीने, २०२३ पासून उत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार सुरू केला. प्रमाणपत्र आणि १० लाख रुपये असं त्याचं स्वरूप आहे. पहिल्या वर्षी तो ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. २०२४ मध्ये तो मराठीकडे आला. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची ‘लंपन’, दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. निपुण हे पुरुषोत्तम करंडकाच्या पिढ्यांमधले, पुण्याच्या बीएमसीसीचे. लंपनच्या आजोबांच्या भूमिकेत ‘जिगीषा’चे चंद्रकांत कुलकर्णी आहेत. बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत बोलणाऱ्या त्या मुलाची गोष्ट देशातली सर्वोत्कृष्ट मालिका ठरली, हा मराठी एकांकिकेच्या तालमींचाही सन्मान होता.

तरी एक गोष्ट खुपते. या पुरस्काराची अट अशी की मालिकेची एकूण लांबी किमान १८० मिनिटं आणि प्रत्येक भाग किमान २५ मिनिटांचा हवा. शिवाय ती ओटीटी मंचासाठी झालेली असावी. एमीने ज्या घाटाला दार उघडलं, तो घाट आपल्या देशाच्या पुरस्कारात उंबरठ्यावरच अडतो. मोबाइलवर चित्रीकरण करून, शेजारच्या काकूंना आणि चुलत्याला नट बनवून दहा-बारा मिनिटांचे भाग यूट्यूबवर टाकणारी पोरं आज मराठी मुलखात गावोगावी आहेत. त्यांच्या कामाची मोजदाद फक्त ‘व्ह्यूज’वर होते. संहिता कशी बांधली, बोली किती खरी उतरली, शेवट कसा साधला, हे सांगणारा परीक्षक त्यांना भेटत नाही आणि मग लेखन आळसावतं, जुन्याच विनोदांवर तरून जातं.

इफ्फीने लघुमालिकेसाठी दुसरा विभाग उघडायचं ठरवलं तर परीक्षक शोधायला लांब जावं लागणार नाही. पुण्यात, नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला वर्षानुवर्षं हातात घड्याळ घेऊन दहा मिनिटांची आणि अर्ध्या तासाची नाटकं तोलणारी, वेळ आली तर करंडक राखून ठेवणारी जाणती माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. भाग १५ मिनिटांच्या आतला, भाषा कोणतीही, मंच कोणताही, एवढ्या तीन अटी पुरेशा होतील. मग सेनगावच्या एखाद्या संघाला ‘ज्ञानतीर्थ’मधलं आपलं प्रहसन सहा भागांत वाढवून गोव्याला पाठवता येईल.