ग्रीन कार्ड, नोकरीच्या आधारे मिळणारे
अमेरिकेत एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला कंपनीच्या पुरस्काराने मिळणारा कायम वास्तव्याचा परवाना. बहुतेक प्रकारांत कंपनीला आधी श्रम खात्याचे ‘पर्म’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. जाहिरात देऊनही त्या जागेला लायक अमेरिकी उमेदवार मिळाला नाही, हे तिने दाखवायचे असते. मग कंपनीचा आय-१४० अर्ज, शेवटी कर्मचाऱ्याचा आय-४८५. कागद एवढेच; वर्षे खाते ती रांग. १९९० च्या कायद्याने या वर्गासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा ठरवले. त्यांत जोडीदार व मुलेही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात. पाहिला जातो तो जन्मदेश, नागरिकत्व नव्हे. त्यामुळे पुण्यात जन्मून कॅनडाचा नागरिक झालेलाही भारताच्याच रांगेत उभा राहतो. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर मात्र त्या देशाची रांग धरता येते. आय-१४० मंजूर होऊन रांगेत अडकलेल्यांना २००० च्या कायद्यामुळे एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढवून मिळतो. आय-४८५ किमान १८० दिवस प्रलंबित असेल, तर तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. मुलांचे वय कायद्याच्या हिशेबाने २१ झाले, की ती आईवडिलांच्या अर्जातून गळतात.