रिकाम्या मैदानाची हवा

बोरिवली पश्चिमेचं एक मैदान. अलीकडच्या एका नवरात्रातला पिवळ्या रंगाचा गुरुवार. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचे, कारण मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत हा दिवस नव्हता. त्या रात्री 9 वाजून 8 मिनिटांनी, ऐन रंगात आलेला गरबा मोडला. मैदानाचं, आयोजकांचं आणि कलाकारांचं नाव इथे देत नाही. अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही मोठ्या मांडवात हे घडू शकतं, म्हणून तासातासाने लिहून ठेवतो आहे. मी त्या दिवशी दुपारपासून मॉनिटरच्या टेबलापाशी होतो.

दुपारी 2.10

मैदानात सुतार, वायरमन आणि पाणी मारणारा टँकर, एवढीच माणसं. स्टेजच्या डाव्या अंगाला मॉनिटर सांभाळणारे दादा रॅक उघडून बसले आहेत. आठ कलाकारांच्या कानांसाठी आठ वायरलेस चॅनेल आणि सहा वायरलेस माइक, म्हणजे हवेत सोडायचे चौदा सिग्नल.

इन-इअर म्हणजे कानात घालायचा मॉनिटर. गायकाला स्वतःचा सूर, वादकाला ट्रॅक आणि तालाची क्लिक त्यातून मिळते. वायरलेस माइकमध्ये कलाकाराच्या हातातून सिग्नल निघतो आणि रॅकमधला रिसीव्हर तो पकडतो. त्याच्या अँटेना उंच, मोकळ्या जागी लावता येतात. इन-इअरमध्ये सगळं उलटं. सिग्नल रॅकमधून निघतो आणि पकडायचा असतो कमरेला लावलेल्या लहानशा पॅकने. त्याची अँटेना बोटभर. ती घामाने भिजलेल्या चनियाचोळीत किंवा ढोलाच्या पट्ट्याखाली दबते, कलाकार वळला की त्याच्या शरीराआड जाते. वायरलेस साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा असा सगळ्यात वाईट जागी असतो. माइक तुटला तर पब्लिकला कळतं, कान तुटला तर फक्त कलाकाराला. त्यामुळे पैसे माइकवर खर्च होतात.

दादांनी स्कॅन लावला. त्यांच्या भाड्याच्या संचाला साधारण 680 ते 750 मेगाहर्ट्झ एवढ्यात फिरायला जागा होती. स्कॅनच्या पडद्यावरची गोंगाट दाखवणारी तळाची रेघ सपाट होती, मध्ये चालू सिग्नलांच्या दोन-तीन काड्या उभ्या. आठही चॅनेल 700च्या खाली बसवली.

चॅनेल बसवताना अंतर सारखं ठेवून चालत नाही. दोन सिग्नल एकमेकांत मिसळले की तिसरेच जन्माला येतात. 690 आणि 691 एकत्र आले तर 689 आणि 692 वर भुतं उभी राहतात. दोन ट्रान्समीटरची अशी भुतं दोनच. चौदांची, दोन-दोन आणि तीन-तीन सिग्नलांच्या मिसळणी धरून, गणिताने 1274 होतात. सगळी आपल्या पट्ट्यात पडत नाहीत, सगळी जोरकसही नसतात, पण म्हणूनच आकडे अंदाजाने न टाकता हिशेबाने बसवावे लागतात. दादांनी ते काम मन लावून केलं. आठही ट्रान्समीटर सिग्नल एकत्र करणाऱ्या कंबायनरमधून एकाच दिशेने सिग्नल सोडणाऱ्या एका अँटेनाला जोडले, म्हणजे शेजारी शेजारी आठ अँटेना उभ्या राहून त्यांचे सिग्नल एकमेकांत घुसणार नाहीत. इतकी काळजी उपनगरातल्या मांडवांत फारशी पाहायला मिळत नाही.

दुपारी 4.35

मागची एलईडी वॉल पेटली. स्टेजभर रुंद, पांढऱ्या शुभ्र चाचणीच्या चित्रासकट.

स्कॅनवरची तळाची रेघ डोळ्यांदेखत वर सरकली. अशा भिंतीत शेकडो लहान पॉवर सप्लाय असतात आणि डेटाच्या तारांचं जाळं असतं. ते सगळं मिळून रुंद पट्ट्यात खरखर ओकत राहतं. सहसा खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त, वर जावं तशी कमी. कलाकार पब्लिककडे तोंड करून उभा राहतो, पॅक कमरेवर पाठीमागे असतो, म्हणजे पॅकचं तोंड नेमकं भिंतीकडे. खरखरीच्या उगमापासून सर्वांत जवळ तोच.

संध्याकाळी 5.40

साउंडचेक. मोठ्या ढोल्याने दोनदा कानाकडे बोट नेलं. "दादा, कटतंय. डावीकडे गेलो की खरखर येते."

दादांनी पुन्हा स्कॅन घेतला. 700च्या खाली भिंतीचा गोंगाट, त्यात शेजारच्या मैदानातून आलेल्या नव्या काड्या. नवरात्रात इथे एका मैदानाचा आवाज दुसऱ्यात ऐकू येतो, मग रेडिओ लहरी कुठे थांबणार? वर मात्र, 710 ते 745च्या मध्ये, हवा निर्मळ दिसत होती. एकही काडी नाही. आठही चॅनेल तिथे हलवली. ढोल्याने स्टेजच्या चारही कोपऱ्यांत जाऊन वाजवलं आणि अंगठा वर केला.

त्या घटकेला तो निर्णय बरोबरच होता. उपकरण जे दाखवत होतं ते खरं होतं.

संध्याकाळी 6.20

प्रायोजकाचा निवेदक स्वतःचे दोन वायरलेस माइक घेऊन आला. कुणाला न विचारता ते सुरू केले. कॅमेरावाल्यांनी वायरलेस व्हिडिओ पाठवणारा डबा क्रेनला बांधला. सुरक्षारक्षकांना वॉकीटॉकी वाटले गेले. वॉकीटॉकीचा पट्टा वेगळा असतो, पण ताकद चार-पाच वॅटची. इन-इअरचा ट्रान्समीटर सोडतो 50 मिलिवॅट, म्हणजे साधारण शंभरावा भाग. पॅकच्या हातभर अंतरावर कुणी बटण दाबून बोललं तर पट्टा वेगळा असूनही पॅक काही क्षण बधिर होतो. स्टेजच्या शिडीपाशी दोन रक्षक उभे होते. त्यांना दूर उभं राहायला सांगणं हे कुणाचं काम? ध्वनीवाल्यांचं नाही, सुरक्षेचं नाही, मांडववाल्याचं तर नाहीच.

मला राग येतो तो इथे. लाखो रुपयांची रोषणाई असते, प्रवेशद्वाराला कमान असते, पण या मैदानात आज कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार आहे याची एका पानाची यादी नसते.

संध्याकाळी 7.05

गरबा सुरू. मैदान पाव भरलेलं, लोकलची गर्दी अजून उतरायची होती. कानात सगळं स्वच्छ. मुख्य गायिका, ताई, मोकळेपणाने गात होत्या.

रात्री 7.50

लिंक रोडवरून, मेट्रो स्टेशनाकडून पिवळ्या ओढण्यांचे लोंढे येऊ लागले आणि जवळजवळ प्रत्येक हातात मोबाइल.

700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी सरकारने 2016 साली लिलावात काढला, तेव्हा कुणी घेतला नाही. मार्च 2021मध्येही नाही. त्यामुळे कित्येक वर्षं तो मोकळा होता आणि त्या पट्ट्यात चालणारे वायरलेस संच आपल्याकडे सुखाने वापरले गेले. ऑगस्ट 2022मध्ये संपलेल्या लिलावात त्याचा काही भाग विकला गेला. या पट्ट्यातला 703 ते 748 हा भाग मोबाइलने टॉवरकडे बोलायचा, 758 ते 803 टॉवरने मोबाइलकडे बोलायचा.

टॉवरचा भाग, तिथवर स्कॅन केला तर, दुपारीही दिसतो, कारण टॉवर चोवीस तास बोलतो. मोबाइलचा भाग मात्र मोबाइल असल्याशिवाय दिसत नाही. दुपारच्या रिकाम्या मैदानात 710 ते 745 निर्मळ दिसलं, त्याचं कारण एवढंच की बोलणारे अजून ऑफिसात, कॉलेजात होते. एक मोबाइल कमाल 200 मिलिवॅटपर्यंत सोडू शकतो, म्हणजे दादांच्या ट्रान्समीटरच्या चौपट. तो स्टेजच्या कठड्याला टेकलेल्या मुलाच्या हातात असतो. ढोल्याच्या खिशात, पॅकपासून वीतभर अंतरावरसुद्धा असतो.

रात्री 8.25

ढोल्याची पहिली खूण. कानापाशी हात नेऊन बोटं उघडझाप. मग ऑक्टोपॅडवाल्याची. आवाज क्षणभर जातो, येतो, जातो. दादांनी खुणेने सांगितलं, पॅक मोनोवर टाका. स्टिरिओ सिग्नल मोनोपेक्षा फार नाजूक असतो, मोनोवर टाकलं की खरखर बरीच दबते. दोघांना आराम पडला.

ताईंना हात लावता आला नाही, त्या पुढच्या टोकाला होत्या. नॉनस्टॉप चालू असताना गायिकेच्या कमरेचा पॅक कोण काढणार?

रात्री 8.45

आरती. मैदानातले दिवे मंद केले आणि निवेदकाने सांगितलं, "सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावा, व्हिडिओ काढा, आम्हाला टॅग करा." काही हजार हात वर गेले. दादा स्कॅनकडे बघत होते. 700च्या वरची तळाची रेघ फेस आल्यासारखी उठली. "हे काय आहे?" ते स्वतःशीच म्हणाले. उत्तर शोधायला वेळ नव्हता, मध्यंतर पंधरा मिनिटांचं.

चॅनेल पुन्हा खाली हलवायची तर आठही पॅक गोळा करून एकेकावर नवा आकडा चढवायचा. त्यांनी चार केली. उरलेले चार कलाकार प्रायोजकाच्या सत्कारासाठी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभे केले होते. ताई त्यांतल्याच.

रात्री 9.00

शेवटचा तास, सगळ्यात द्रुत. फेर तीन पदरी झाले होते, बाहेरचा पदर धावत होता. स्टेजला लागून मोबाइलची भिंत उभी, निम्मे जण थेट प्रक्षेपण करणारे.

रात्री 9.08

ताईंनी दोन्ही हातांनी कानातले ओढून काढले. नंतर त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे आधी अर्धा क्षण पूर्ण शांतता, मग कानात फुटलेला खरखरीचा लोळ. सिग्नल पडला की पॅकने स्वतःला मुकं करायचं असतं, त्याला स्क्वेल्च म्हणतात. पण बाहेरचा अडथळाच इतका जोरदार असतो की पॅक त्यालाच सिग्नल समजतो आणि दार उघडं ठेवतो. कानाच्या पडद्यापासून बोटाच्या पेरावर ती खरखर वाजते. शंभर डेसिबल आवाज सुरक्षितपणे ऐकायची मर्यादा दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटं मानतात. त्या लोळाचं माप कुणी घेतलेलं नाही.

कान मोकळे झाल्यावर ताईंना ऐकू आला तो समोरच्या उंच इमारतीवर आपटून परत आलेला आवाज. साठ मीटर जाऊन साठ मीटर परत यायला आवाजाला एक तृतीयांश सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्या त्याला धरून गाऊ लागल्या. त्याच वेळी कीबोर्डवाल्याची क्लिक गेली. ट्रॅकवरचा ताल स्पीकरमधून पुढे चालू, ऑक्टोपॅड त्याच्याबरोबर, ढोल ताईंबरोबर. मैदानावर दोन ताल.

आतला फेर थबकला. बाहेरच्या पदराला ते कळलं नाही, तो धावतच आला. माणसं माणसांवर गेली. खाली पडलेल्या काही मुलींना स्वयंसेवकांनी कडेला घेतलं. कुणाला गंभीर इजा झाली नाही, ही मैदान सपाट असल्याची कृपा.

9.11ला संगीत बंद. पुढारी माइककडे धावले. पब्लिक ओरडत होतं. ज्यांनी मोबाइल खाली केले होते त्यांनी ते परत वर केले, या वेळी गोंधळ टिपायला.

रात्री 9.34

दादांनी रेडिओचा नाद सोडला. वॅनमधून दोन जुने मॉनिटर स्पीकर आणून ताईंच्या पायापाशी ठेवले. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडला हेडफोन ॲम्प देऊन तारेने जोडलं. ती दोघं बसून किंवा एका जागी उभी वाजवतात, त्यांना मुळात वायरलेसची गरजच नव्हती. गरबा सुरू झाला आणि सव्वीस मिनिटांनी दहा वाजले. वेग परत आला नाही. ताईंनी वरचे सूर टाळले, उजव्या कानात शिट्टी वाजत होती.

रात्री 11.15

मैदान पुन्हा रिकामं. दादांनी स्कॅन लावला. 710 ते 745, तळाची रेघ सपाट, दुपारसारखीच. मोबाइल घरी गेले होते. तेव्हा सगळ्यांना कारण कळलं.

अमेरिकेत 600 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला दिला तेव्हा वायरलेस माइकवाल्यांना तारीख देऊन सांगितलं गेलं होतं: 13 जुलै 2020पर्यंत जागा सोडा. ब्रिटनमध्ये 700चा पट्टा 1 मे 2020पासून बंद झाला, आणि तिथे मोठ्या कार्यक्रमाला त्या जागेपुरता, त्या दिवसापुरता फ्रिक्वेन्सीचा परवाना मिळतो. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी वाटपाचं काम दिल्लीच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडे आहे, पण बोरिवलीच्या ढोल्याच्या कमरेपर्यंत 700चा पट्टा मोबाइलला गेल्याची खबर पोचवणारं कुणी नाही. महापालिका, पोलीस, अग्निशमन यांच्या परवानग्यांच्या चळतीत फ्रिक्वेन्सींचा आणखी एक कागद असायला हवा, आणि मैदानं इतकी लागून असताना तो वॉर्डाचा एकच असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. ते होईपर्यंत साउंडवाल्यांनी आपसात तरी बोलावं.

शुक्रवार

सकाळी ताई कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. दादांनी शेजारच्या दोन मैदानांच्या साउंडवाल्यांना फोन केला. दुपारपर्यंत तिघांनी आपापले आकडे व्हॉट्सॲपवर टाकले, त्यांतले दोन एकमेकांवर बसत होते, ते बदलले. संच भाड्याने देणाऱ्याकडून 700च्या खालीच चालणारा दुसरा संच आणला. एलईडी वॉल पेटलेली असताना, निवेदकाचे माइक आणि क्रेनचा डबा चालू ठेवून स्कॅन घेतला. रक्षक शिडीपासून हलवले. कलाकारांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करून ग्रीनरूममध्ये ठेवले. वायरलेस कान आठाचे पाच केले, बाकी तारेवर.

रात्री साडेआठला, मैदान भरल्यावर, दादांनी पुन्हा स्कॅन घेतला आणि त्याचा फोटो काढून दुपारच्या फोटोसोबत त्या दोन साउंडवाल्यांना पाठवला.