पद्मिनीतला पेला

गेल्या महिन्यात उल्हासनगरला गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाला म्हटले, गाडीत पाण्याचा ग्लास ठेवायला काहीतरी दाखव. त्याने कप होल्डरचे पाच-सहा प्रकार मांडले आणि विचारले, "अंकल, गाडी कौनसी?" म्हटले, "पद्मिनी." तो हसला आणि आतून शेठना बोलावून घेऊन आला. शेठ म्हणाले, "एसीची जाळी आहे का?" नाही. "दोन सीटच्या मध्ये खाच?" तीही नाही, कारण पुढची सीट बाकासारखी सलग आहे. शेवटी दाराच्या काचेत अडकवायचा एक आकडेवाला होल्डर घेऊन घरी आलो.

या वयात हा हौसेचा खेळ कशाला, असे वाटेल. नातेवाइकांना ठाऊकच आहे, हिचे वर्षभरापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. हेंद्रेपाड्याहून कल्याणला जायचे. स्टेशनचा जिना तिला झेपत नाही, म्हणून गाडी. डॉक्टरांनी दिवसभराचे पाणी मोजून दिले आहे, त्यातले दीडशे मिली प्रवासाच्या वाट्याला येते. बाटली तोंडाला लावली की एका दमात जास्त जाते, म्हणून ग्लास. एकदा अंबरनाथच्या पुढे खड्ड्यात गाडी आपटली आणि ग्लास सांडला. साडी भिजली त्याचे काही नाही. पण प्यायली किती आणि सांडले किती, हे दोघांनाही सांगता येईना. पुन्हा द्यावे तर जास्त होण्याची भीती, न द्यावे तर तिचा घसा कोरडा. कल्याण येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

मी इतिहासाचा मास्तर. घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न: एवढ्या भक्कम गाडीत पेला ठेवायला जागा का नसावी?

पद्मिनीचे मूळ इटलीतले. फियाट ११०० ही गाडी तिकडे १९५३ साली आली. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. १९६४ पासून तिचे नाव ११०० डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. इटालियन माणूस कॉफी पितो ती दुकानाच्या कट्ट्याशी उभे राहून, दोन-तीन घोटांत. कप तिथेच ठेवून तो बाहेर पडतो. त्याच्या गाडीत कपाला जागा कोण करणार? आणि ती गाडी आली आपल्याकडे, जिथे चहा टपरीवर उभ्याने किंवा हॉटेलात बाकावर बसून प्यायचा. दोन्हीकडे कप दुकानदाराचा, त्यालाच परत करायचा.

पाणी मात्र आपण पूर्वीपासून बरोबर नेत आलो. माझ्या लहानपणी प्रवासाला फिरकीचा तांब्या असे, त्याचे झाकण आट्यांनी घट्ट बसायचे. ट्रकला आणि जुन्या मोटारींना बाहेर कॅनव्हासची छागल टांगलेली दिसे. कापडातून पाणी झिरपायचे, वाऱ्याने त्याची वाफ व्हायची आणि आतले पाणी गार राहायचे. म्हणजे गाडीला बाहेरून काही जोडून घेण्याची सोय आपल्याला नवी नाही. पण तांब्या काय नि छागल काय, पाणी ने-आण करण्यासाठी. प्यायचे ते गाडी थांबवूनच.

गाडी न थांबवता पिण्याची सवय अमेरिकेची. १९५० च्या सुमारास तिथे ड्राइव्ह-इन उपाहारगृहे फोफावली. गाडीत बसूनच खायचे. त्या काळातल्या काही गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्याचे झाकण उघडले की त्यावर कपासाठी उथळ गोल खळगे दिसत. गाडी उभी असेल तोवरच त्यांचा उपयोग, चालू झाली की कप हातात. खऱ्या अर्थाने चालत्या गाडीतल्या कपाची सोय केली ती क्रायसलरच्या मिनीव्हॅनने. ती १९८३ च्या नोव्हेंबरात कारखान्यातून बाहेर पडू लागली. गंमत पाहा, त्याच वर्षी १४ डिसेंबरला आपल्याकडे पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हातात पडली. त्या मारुतीत बसून चहा पिताना मी तरी कोणाला पाहिले नाही.

या इतिहासातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २७ फेब्रुवारी १९९२ रोजी अमेरिकेतल्या अल्बुकर्क शहरात स्टेला लीबेक नावाच्या ७९ वर्षांच्या बाई नातवाच्या गाडीत बसून मॅकडोनाल्ड्सची कॉफी घ्यायला गेल्या. साखर आणि दूध घालायचे म्हणून नातवाने गाडी बाजूला उभी केली. ती १९८९ ची फोर्ड प्रोब होती, तिच्यात कप होल्डर नव्हता. बाईंनी कप गुडघ्यांत धरला आणि झाकण ओढले. ८० अंश सेल्सियसहून अधिक गरम कॉफी मांड्यांवर सांडली. भाजणे इतके खोल होते की कातडीचे रोपण करावे लागले. १९९४ साली ज्यूरीने लाखो डॉलरची भरपाई सांगितली, न्यायाधीशांनी ती बरीच कमी केली आणि अखेर तडजोड झाली. जगभर लोकांनी या खटल्याची टिंगल केली. वर्गात एकदा मीही हसत हसत तो सांगितला होता. आता हिच्या ओल्या पदराकडे पाहिल्यावर त्या बाईंची माफी मागावीशी वाटली.

असो. दुकानातून आणलेला होल्डर डाव्या दाराला लावून पाहिला. आकडा काच आणि दाराच्या रबराच्या फटीत जातो, तिथवर ठीक. पण पद्मिनीची काच हँडल फिरवून खाली-वर करावी लागते, आणि ते हँडल फिरताना नेमके होल्डरवर आपटते. बाजूला सरकवला तर दार लावताच ग्लास हिंदकळतो. मेकॅनिक म्हणाला, डॅशबोर्डला दोन भोके पाडून स्क्रू मारू. पत्र्याचा तो डॅशबोर्ड २००५ च्या जुलैतल्या पुरातून वाचला आहे. उल्हास नदीचे पाणी तेव्हा सीटपर्यंत आले होते. त्याला भोक पाडायला माझे मन होईना.

उपाय सुचवला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता सुतारकाम करतो. गाडीत डोकावून म्हणाला, "सर, हिचा गिअर स्टिअरिंगला आहे. मधली जागा रिकामीच आहे की!" खरेच होते. त्या काळी बाकासारख्या सीटवर मधे तिसरा माणूस बसायचा. आता आम्ही दोघेच. त्याने सागवानाच्या तुकड्याची ठेंगणी चौकट केली, वर एक गोल भोक, आतून रबराची पट्टी. चौकट पट्ट्याने सीटलाच आवळून बांधली, जोरात ब्रेक लागला तरी उडू नये म्हणून. कडा गोल घासल्या. पैसे विचारले तर म्हणाला, "काकूंना बरे वाटले की चहाला येतो." ग्लास आता झाकणाचा आहे, प्लास्टिकचा, त्यावर पन्नास, शंभर, दीडशे अशा रेघा आहेत. त्यात गरम काही घालायचे नाही, हा माझा नियम.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबले. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आमची अजून चालते आहे. तिच्यात पेल्याला जागा नव्हती, कारण ज्यांनी ती बनवली आणि ज्यांनी ती घेतली त्यांना थांबायला वेळ होता. आम्हालाही होता. खोपोलीला घाट चढण्याआधी गाडी उभी करायची, हिने पदर खोचून खाली उतरायचे आणि दोघांनी एक-एक चहा घ्यायचा, हे किती वर्षे चालले. आता वेळ पुष्कळ आहे, पण तिला खाली उतरवत नाही. अमेरिकन माणसाला थांबायचे नव्हते म्हणून त्याचा पेला गाडीत आला. आमचा आला, तो थांबून उतरता येत नाही म्हणून.

परवा येताना उल्हासनगरच्या सिग्नलला हिने ग्लास उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "अजून पन्नास शिल्लक आहे." घरी पोचेपर्यंत तिने ते जपून ठेवले. दारात गाडी थांबल्यावर प्यायली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी फिरकीचा तांब्या अजून असेल तर त्याचा फोटो जरूर पाठवा. आमचा पुरात गेला.